उकड, इसबगोल आणि रविवारचा पिझ्झा

तांदळाच्या पिठाचा पिझ्झा तुटतो, भुसभुशीत होतो, घशाखाली उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा पीठ कोरडंच भिजवलेलं असतं, उकड काढलेली नसते. या पोस्टमधून एवढं जरी घेतलंत तरी पुरे. पुढचं वाचायला वेळ असेल तर वाचा.

मी राहतो गोव्यातल्या फोंड्यात आणि नोकरी कुंडईला, एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये. घरात आई, बायको आणि दहावीतला मुलगा. पिझ्झा मी करतो, कारण जिथे ग्रॅममध्ये वजन करावं लागतं ते काम माझं, असा घरात कायदा झालाय. एरवी स्वयंपाकघरात मला कुणी फारसं उभं करत नाही.

बायकोला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांमुळे तिच्या लहान आतड्याला इजा होते, हे कळलं ते रक्तामुळे. पोटाची तक्रार तिने कधीच केली नव्हती. हिमोग्लोबिन मात्र काही केल्या वर जायला तयार नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, आईने तांबड्या भाजीचा रतीब लावला. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी लिहून दिली आणि बजावलं, रिपोर्ट येईपर्यंत गहू सोडू नका. हे फार महत्त्वाचं आहे. पुष्कळजण कुणाचंतरी ऐकून आधी गहू सोडतात, मग तपासणी करतात, आणि शरीरातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण उतरलेलं असल्याने रिपोर्ट निर्मळ येतो. हिची तपासणी पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला कण तपासला. तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट झाले होते. लोह शोषलं जातं ते नेमकं याच भागात, मग गोळ्या गिळून काय उपयोग?

गहू, बार्ली आणि राय या तीन धान्यांतली ग्लुटेन नावाची प्रथिनं तिला आता जन्मभर चालणार नाहीत. गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त पथ्य. हे पथ्य शोधलं कसं तेही वाचण्यासारखं आहे. १९२४ साली अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना भरपूर केळी खायला घालून बरं केलं आणि श्रेय केळ्यांना दिलं. खरं कारण होतं ते केळ्यांच्या नादात ताटातून गेलेल्या ब्रेडमध्ये. ते ओळखलं नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं उलट सुधारली. पुरवठा सुरू झाला तशी पुन्हा बिघडली. डिकेंनी १९५०मध्ये यावर प्रबंध लिहिला. नाइट शिफ्टला मशीनचा रन चालू असताना मी असलं वाचत बसतो.

तसं पाहिलं तर हा आजार व्हायचाच असेल तर आमच्या भागात व्हावा. बायको सावंतवाडीची. तिच्या माहेरी घावणे, आंबोळ्या, तांदळाच्या भाकऱ्या, आणि आमच्याकडे दोन्ही वेळा शीत-हुमण, म्हणजे भात-कालवण. गेलं ते सकाळचं. पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो, मुलगा पोई घेतो, आई उंडो घेते आणि ही नाचणीची आंबील ढवळत बसते. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, गेल्या. तळलेली मासळीही हॉटेलात बंद झाली, कारण गोव्यात इसवण असो की बांगडा, रव्यात घोळवल्याशिवाय कुणी तव्यावर टाकत नाही, आणि रवा म्हणजे गहूच. घरी आता तांदळाच्या पिठात घोळवतो. कुरकुरीतपणात उणंअधिक काही वाटत नाही, असं माझं मत. आईचं वेगळं आहे.

खरा चोर निघाला हिंग. आपण वापरतो तो डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक असतो आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, पण त्यासाठी डबीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. म्हणजे वरण-भात खाऊन माणूस निर्धास्त, आणि फोडणीत गहू. बहुतेक सोया सॉसमध्येही गहू असतो. नुसतं माल्ट लिहिलेलं असेल तर ती बहुधा बार्ली.

आता पिझ्झा. तो हिचा जुना लाडका. आसगाव-हणजुणच्या बाजूला पर्यटकांमुळे ग्लुटेन-फ्री पिझ्झा बऱ्याच ठिकाणी मेनूवर असतो. अशा एका जागी मी सरळ विचारलं की भट्टी वेगळी आहे का? वेटर प्रामाणिक होता, म्हणाला, बेस वेगळा येतो, भट्टी तीच. भट्टीच्या लादीवर दिवसभर मैदा भुरभुरलेला. ज्यांना हौस म्हणून गहू टाळायचाय त्यांचं यात काही बिघडत नाही. सिलिअ‍ॅकवाल्याने तिथे लिंबूसोडा प्यावा आणि घरी यावं.

का, ते हिशेबाने सांगतो, कारण नातेवाइकांना हे पटत नाही. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे की ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं धरा, त्यातलं सुमारे ऐंशी टक्के ग्लुटेन. म्हणजे एक ग्रॅम मैद्यात ८० मिलिग्रॅम. म्हणजेच एक किलो तांदळाच्या पिठाची वाट लावायला पाव ग्रॅम मैदा पुरतो. पाव ग्रॅम म्हणजे किती? चिमूटभरसुद्धा नाही. आमच्या एका काकू अजून म्हणतात, "अगो, इतकुसं खाल्लं तर काय होतंय!" हा हिशेब मी त्यांना दोनदा समजावलाय.

म्हणून गिरणीतून दळून आणलेलं पीठ आमच्याकडे येत नाही. गिरणीवाला सज्जन माणूस, पण त्याच्या जात्यातून माझ्या आधी कुणाचे तरी गहू गेलेले असतात. आम्ही छोटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायचा नाही, कुणी कितीही मागितलं तरी. औषधाच्या कारखान्यात एक बॅच संपून दुसरी सुरू करण्याआधी लाइन क्लिअरन्स करतात. आधीच्या मालाचा कणही टेबलावर, मशीनवर राहिलेला नाही हे तपासून, सही करून मगच पुढे जायचं. रविवारी मी घरात तेच करतो. चपातीचं पोळपाट-लाटणं वरच्या फडताळात. ओटा ओल्या फडक्याने दोनदा, आणि फडकं नवीन. लाकडी उलथनं आणि जुनी चाळणी अजिबात नाही, त्यांच्या फटींत पीठ बसतं. ज्या बिडाच्या तव्यावर वर्षानुवर्षं चपात्या भाजल्या तोही नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दुसरा बिडाचा तवा आणलाय, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलाय. मुलगा त्याला सोवळ्यातला तवा म्हणतो. सही फक्त करत नाही.

पिठाकडे येऊ. मैदा पाण्यात मळला की ग्लुटेनमधली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, मिळून एक लवचीक जाळं तयार होतं. यीस्टचा वायू त्या जाळ्यात अडकतो, जाळं ताणलं जातं, पाव फुगतो. तांदूळ, ज्वारी, नाचणी यांच्यात हे जाळं नाही. वायू तयार होतो आणि निघून जातो. परदेशी पाककृतींत त्यावर झँथन गम सांगितलेला असतो. मी असा एक व्हिडिओ बघत होतो, तेव्हा बायको मागून म्हणाली, "अहो, उकड काढली तर हा डिंक कशाला हवाय?"

आणि तिचं बरोबर होतं. तांदळाची भाकरी न तुटता थापली जाते, मोदकाला पाकळ्या येतात, त्या उकडीमुळेच. गरम पाण्यात साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान तांदळाचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. कोरडं पीठ गार पाण्यात कितीही मळा, ते होत नाही. आता नुसती उकड पिझ्झ्याला पुरत नाही, कारण मोदकाला फुगायचं नसतं. वायू धरून ठेवायला आणखी काहीतरी बुळबुळीत लागतं. इडलीत, आंबोळीत ते काम उडीद करतो. इथे इसबगोल करतो. तांदूळ फुगतच नाही म्हणणाऱ्यांनी गोव्याची वाफवलेली सान्नां आठवावीत. नुसत्या तांदळाच्या पिठात माडाची सूर, म्हणजे माडी, घातली की ती कशी टम्म होतात! आता सूर काढणारे रेंदेर कमी झाले आणि बऱ्याच घरांत सुरेच्या जागी यीस्ट आलं, पण सान्नां फुगायची थांबलेली नाहीत.

दोन पिझ्झ्यांसाठी, प्रत्येकी नऊ-दहा इंचांचा, माझं माप असं: तांदळाचं पीठ १६० ग्रॅम, ज्वारीचं ६०, टॅपिओका स्टार्च ८०. इसबगोलाचा अख्खा भुसा १५ ग्रॅम, औषधाच्या दुकानातला साधा, संत्र्याच्या चवीचा नव्हे. इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, तेल दीड चमचा, आणि एक चमचा माडाचं व्हिनेगर. व्हिनेगर नसलं तर बिघडत नाही, पण आमच्याकडे ते असतंच. माल्ट व्हिनेगर मात्र नको, ते बार्लीचं. यीस्टही बेकिंगचं घ्या. ब्रुअर्स यीस्टमध्ये बार्लीचा अंश असू शकतो.

तांदळाच्या पिठातलं ५० ग्रॅम बाजूला काढा आणि १६० मिलिलिटर पाण्यातल्या थोड्या गार पाण्यात कालवा. उरलेलं पाणी उकळलं की त्यात हे ओता आणि हात न थांबवता ढवळा. मिनिटभरात घट्ट होतं, भांड्याच्या कडा सोडतं. मोदकाच्या उकडीपेक्षा हे सैल असतं, घाबरू नका. झाकून ठेवा. आता बोट बुडवून सुसह्य वाटेपर्यंत निवू द्या, कारण ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरतं आणि इथेच लोक घाई करतात. दुसऱ्या भांड्यात १५० मिलिलिटर कोमट पाण्यात इसबगोल भिजवा, दहा मिनिटांत त्याची जेली होते. मग सगळं एकत्र.

हा गोळा मैद्यासारखा वागणार नाही. हाताला चिकटेल, ओघळल्यासारखा वाटेल, आणि तुम्हाला पीठ घालायचा मोह होईल. घालू नका. ग्लुटेन नसलेल्या पिठाला पाणी जास्तच लागतं, पिठाच्या वजनाइतकं किंवा किंचित वर. मळत बसण्यातही अर्थ नाही, मळून जाळं तयार व्हायचं असेल तर आधी ग्लुटेन हवं. नीट मिसळलं की पुरे. बटर पेपरला तेल लावा, हात पाण्यात बुडवा आणि भाकरी थापतो तसं मधून कडेकडे थापत न्या. कडा थोड्या जाड ठेवा. झाका आणि तसंच फुगू द्या, थापलेलं. मैद्याचं पीठ एकदा फुगवून, दाबून, पुन्हा फुगवतात. इथे दाबलं तर गेलेला वायू परत येत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात होतं, डिसेंबरात पाऊण ते एक तास. आमच्याकडे दमटपणा इतका की वरून सुकण्याची भीती नाही. घाटावर राहत असाल तर ओलं फडकं घाला.

भट्टीचं दुखणं वेगळं. नेपल्सच्या लाकडाच्या भट्ट्या ४५०-४८० अंशांवर चालतात, पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर. आपला घरगुती ओटीजी ओव्हन २५०ला थांबतो. म्हणून लाल दोऱ्याचा तवा उलटा करून आत ठेवतो आणि पूर्ण आचेवर निदान अर्धा तास तापवतो. बटर पेपरसकट बेस त्या तव्यावर सरकवायचा. पहिल्यांदा कोरडाच भाजायचा, आठ-दहा मिनिटं, वरून हलका रंग येईपर्यंत. मग बाहेर काढून सॉस, चीज, वरचा मालमसाला, आणि पुन्हा आठ-दहा मिनिटं. ही दोन टप्प्यांची भाजणी टाळून कुणी एकदम सगळं घातलं तर मधला भाग खिरीसारखा राहतो आणि दोष तांदळाला मिळतो.

तांदूळ कुठला, हे विचारणारे हमखास भेटतात. आमच्याकडचा उकडा तांदूळ आधीच वाफवून वाळवलेला असतो, त्याच्या पिठाचा बेस जड होतो, घालू नका. साधा सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ, जुना, धुऊन सावलीत वाळवून दळलेला. ज्वारीच्या जागी नाचणी घालून पाहिली, रंग चॉकलेटी येतो आणि मुलगा नाक मुरडतो, पण बायकोला तीच आवडते, लोहासाठी नव्हे, चवीसाठी. कुट्टूही (बकव्हीट) चालतो, त्याचा गव्हाशी संबंध नाही.

सॉसमध्ये शहाणपणा एकच, पाणी आटवा. टोमॅटो, लसूण, मीठ, चमचाभर तेल, आणि मी त्यात खोल्याची मिरची घालतो. काणकोणच्या खोला गावची ही मिरची, भौगोलिक मानांकनवाली. रंग झकास, तिखटपणा सोसण्याइतपत. ओरेगॅनोच्या पाकिटातली पूड घालण्याआधी घटक वाचा. चीज ठोकळ्यातलं घ्या आणि घरी किसा. किसून विकतात त्यात चिकटू नये म्हणून स्टार्च घातलेला असतो, तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा, पण बहुधा या शब्दावर आमचं घर चालत नाही.

वर काय घालायचं यावर रविवारी भांडण होतं. मुलाला चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराचं सॉसेज, हवं. आमच्या घरात डुक्कर शिजत नाही, म्हणून तो आधी तयार झालेलं मित्राकडून डब्यात आणतो आणि आजी देवघराच्या बाजूला तोंड करून बसते. चोरीस घालणार असाल तर ते मांस, मिरची, मसाला, मीठ, व्हिनेगर यांचंच आहे ना, भर म्हणून काही घातलंय का, हे करणाऱ्याला विचारून घ्या. बायकोची आवड सुंगटं, म्हणजे कोळंबी. ती आधी हळद-मिठात परतून त्यांचं पाणी उडवलं पाहिजे, आणि शेवटच्या तीन मिनिटांतच वर ठेवली पाहिजेत, नाहीतर रबर होतात. पावसात रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला येणारी रोयणीवरची, म्हणजे वारुळावर उगवणारी, अळमी (रानटी अळंबी) पिझ्झ्यावर घालावी असं माझ्या मनात आलं होतं. आईने एकदा बघितलं फक्त. बरोबरच होतं तिचं. ती इतकी महाग, इतकी थोडी आणि वारुळं उकरून काढल्याने दरवर्षी कमी होत चाललेली, की मिळाली तर त्यांचं खोबरं वाटून हुमणच करावं. किंवा न घेता पुढे जावं.

बरोबर बिअर नको, तिच्यात बार्ली. काजूच्या मोसमात उर्राक चालतो, तो बोंडांच्या रसाचा. मोसम नसला तर सोलकढी. पिझ्झ्याबरोबर सोलकढी ऐकून हसू नका, चीजबरोबर बरी लागते.

घरात दोन्ही प्रकारचे पिझ्झे एकाच संध्याकाळी करायचे का, असं भावोजींनी विचारलं. आमच्याकडे नाही. पाच माणसं असोत की बारा, सगळ्यांना तोच. पाहुण्यांना आधी सांगत नाही. पहिला तुकडा खाऊन झाल्यावर सांगतो, आणि तेव्हा कुणी म्हणालं, "तरीच काहीतरी वेगळं लागत होतं," तर त्यांना दुसरा तुकडा उशिरा मिळतो. मैद्यासारखा तो लागतच नाही. ओढला तर लांबत नाही, कडा भाकरीच्या पापुद्र्यासारखी मोडते, मधे मऊ. तसाच तो चांगला आहे. मैद्याच्या जवळ नेण्यासाठी पाकिटबंद मिश्रणांत काय काय घातलेलं असतं ते वाचलं तर माझ्यासारखा केमिस्टही दचकतो.

जास्तीचे बेस पहिल्या भाजणीनंतर पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात. खालच्या फ्रिजमध्ये नको. तिथे तांदळाचा स्टार्च पटकन कडक होतो, शिळ्या भाताचं होतं तेच. उरलेला पिझ्झा दुसऱ्या दिवशी तव्यावर, मंद आचेवर, कडेने पाण्याचे दोन थेंब सोडून झाकण ठेवायचं, चार मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर चामडं होईल, आणि मग मला विचारू नका.